ठाण्याच्या हवेत रायफलींची निगा : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाण्यातील एका नेमबाजी केंद्रात पॉइंट बावीस (सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या) रायफली आणि एअर रायफली यांची देखभाल मी करतो. हे काम शिकायला येणाऱ्यांना मी आधी तेलाची बाटली देत नाही, कपाटातील आर्द्रतामापक दाखवतो. सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. पावसाळ्यात ठाण्याची हवा त्याहून पुष्कळ दमट असते, आणि खाडीच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यातील मिठाचा अंश हवेतील ओल धातूवर धरून ठेवतो. म्हणून मापकाचा आकडा रोज वहीत नोंदवावा आणि कपाटात सिलिका जेल ठेवावे. त्याचे निळे दाणे गुलाबी झाले, की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसला काही तास वाळवावेत. ते पुन्हा कामाला येतात.

गंजाचे दुसरे कारण आपले हात. घामात मीठ असते, त्यामुळे बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलून बंद करणाऱ्या भागाच्या, दांड्यावर किंवा नळीवर उमटलेला बोटांचा ठसा पुसला नाही, तर पावसाळ्यात त्याच ठिकाणी तांबूस डाग दिसू लागतात. सरावानंतर कोरड्या कापडाने सर्व भाग पुसून, मग तेलाने किंचित ओलसर केलेले फडके फिरवावे आणि त्यानंतर उघड्या धातूला हात लावू नये. वातानुकूलित खोलीतून थंड रायफल बाहेरच्या दमट हवेत काढली की तिच्यावर दव धरते. म्हणून ती बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत पेटीतच बंद ठेवावी, मात्र फोमच्या पेटीत कायम ठेवू नये, कारण फोम ओल धरून ठेवतो. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा पाणी हटवतो, पण त्याचा थर फार काळ टिकत नाही. त्यावर बंदुकीचे तेल लावावेच लागते. स्प्रिंगच्या एअर रायफलीच्या नळीत तेल कधीही सोडू नये, कारण दाबाखाली ते पेटते आणि सीलचे नुकसान होते.

गंज काढण्याचे काम मी नवख्याकडे उशिरा सोपवतो. रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, आणि त्या खोलीत काडतुसे असूच नयेत. नळीवरचा निळसर काळा थर, म्हणजे ब्लूइंग, हासुद्धा लोहाचा ऑक्साइडच आहे, फक्त तो घट्ट आणि अतिशय पातळ असतो. लिंबू, व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल गंजाबरोबर हा थरही खाऊन टाकते आणि पॉलिश पेपर तो खरवडून काढतो, त्यामुळे यांपैकी काहीही वापरू नये. डागावर पातळ तेल लावून ते काही तास मुरू द्यावे, मग जाड कापडाने पुसून पाहावे. तेवढ्याने निघाले नाही, तरच सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांची, स्टील वूल तेलात भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवावी, आणि तीही आधी दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर वापरून पाहावी. क्रमांक कोरलेल्या जागेवर तर घासणे टाळावेच: १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्रावरील ओळखीची खूण नष्ट करणे किंवा बदलणे गुन्हा आहे.

नळीच्या आतील गंजासाठी ब्राँझचा ब्रश आणि चिंधी पुरते, आणि शक्य असेल तिथे ब्रशची सळई नळीच्या मागच्या टोकाकडून पुढे घालावी, म्हणजे नेम ज्यावर अवलंबून असतो ती नळीच्या तोंडाची कड झिजत नाही. आत खड्डे पडलेले दिसले, तर घासत बसू नये. रायफल बाजूला काढून परवानाधारक दुरुस्तीकाराकडे पाठवावी. ज्या डागावर काम केले तो पुढचे आठवडाभर रोज उजेडात धरून पाहावा, कारण धातूच्या रंध्रांत उरलेला गंज तेलाखालूनही पुन्हा वर येतो.