बाळाचं हर्नियाचं ऑपरेशन: आई-बाबांनी काय तयारी करायची?

बाळ रडलं, कुंथलं की जांघेत फुगवटा येतो आणि शांत निजलं की नाहीसा होतो, तो बहुधा अंतर्गळ, म्हणजे हर्निया. पोटातून जांघेकडे जाणारी वाट जन्माच्या सुमारास मिटायला हवी; ती उघडी राहिली की आतडं तिच्यातून खाली सरकतं. बेंबीचा हर्निया बहुतेक वेळा आपोआप मिटतो, जांघेतला मिटत नाही. म्हणून हे ऑपरेशन ‘जरा मोठं होऊ दे’ म्हणून पुढे ढकलत नाहीत.

तारीख मिळेपर्यंत फुगवट्यावर नजर ठेवा. तो कडक किंवा लाल झाला, आत जाईना, बाळ उलट्या करू लागलं तर आतडं अडकलेलं असू शकतं. घरी दाबून बसवू नका, दूध पाजू नका, मध्यरात्र असली तरी तडक दवाखाना गाठा.

भूलतज्ज्ञाला काय सांगायचं

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर किती आठवडे आधी, हे नक्की सांगा. अशा लहान बाळांचा श्वास भुलीनंतर मध्येच थांबण्याचा धोका असतो, म्हणून त्यांना रात्रभर मॉनिटरवर ठेवतात. घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर तेही सांगा. सर्दी-खोकला असेल तर लपवू नका. तारीख गेली की रजा, गाडी, सगळंच बिनसतं. पण सर्दीने श्वासनलिका चिडलेली असते आणि भुलीत ती आवळते. काही आठवडे थांबलेलं बरं. नुकतीच लस दिली असेल तर तिची तारीखही कळवा, म्हणजे ताप आला तर तो कशाचा याचा घोळ होत नाही.

उपाशी ठेवण्याचं गणित

घरून सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सर्वसाधारण नियम असा: वरचं दूध, फॉर्म्युला, खीर, बिस्किट ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. तुमच्या भूलतज्ज्ञाने वेगळे तास सांगितले तर तेच पाळा. सकाळी ८ला ऑपरेशन असेल तर ४ वाजता अंगावरचं पाजून संपलं पाहिजे. म्हणून साडेतीनचा गजर लावा आणि बाळाला उठवून पोटभर पाजा. सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी द्यायचं का, हे विचारून घ्या.

भुलीत गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्रिया थंडावते. पोटात दूध असलं तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. सकाळची गुटी आणि चाटवलेला मध हेही खाण्यातच धरा. बाळ भुकेनं कळवळलं की आजीचा जीव राहत नाही, म्हणून घरातल्या प्रत्येकाला कारणासकट आधीच सांगा. तरीही कुणी काही भरवलंच, तर डॉक्टरांना खरं सांगा. ऑपरेशन फार तर पुढे ढकललं जाईल.

सकाळी निघताना

आंघोळ घाला, पण तेल लावू नका. मॉनिटरच्या पट्ट्या तेलकट अंगाला चिकटत नाहीत. करदोडा, वाळे, मनगट्या, डूल, काळा दोरा, सगळं काढा: करदोडा नेमका जखमेजवळ येतो, आणि धातूमुळे विजेच्या उपकरणाने भाजण्याची भीती असते. नेलपॉलिश पुसा, काजळही घालू नका. पिशवीत लसीकरण कार्ड, सगळे रिपोर्ट, डायपर, पुढून उघडणारं सैल झबलं आणि बाळाचं सवयीचं दुपटं ठेवा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रेशन कार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) आधीच भेटा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते.

नंतर

शुद्धीवर येताना बाळ जोरात रडतं, कधी आईलाही ओळखत नाहीसं वाटतं. हे भुलीचं आहे, थोड्या वेळात उतरतं. कमरेतून दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं असेल तर पाय काही तास ढिले पडतात. डॉक्टरांनी होकार दिला की थोडं थोडं पाजा. एखादी उलटी चालते.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल देतात, साधारण दर किलोला एका वेळी १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. तीन महिन्यांखाली डोस डॉक्टरच ठरवतात. बाटलीवरचा आकडा वाचा: काही सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, काहींत २५०, आणि ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १०० असू शकतं. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम हवं, म्हणजे पहिल्या सिरपचे ५ मिली, पण त्या ड्रॉप्सचे फक्त १.२ मिली. ड्रॉप्स ५ मिली गेले तर चौपटीहून जास्त डोस होतो! चमचा नको, सिरिंजनेच मोजा.

डायपर जखमेच्या खाली दुमडून बांधा. हळद, तेल, पावडर काही लावू नका, पोटाची मालिशही थांबवा. आंघोळ कधी घालायची ते डॉक्टर सांगतील, तोवर ओल्या फडक्याने अंग पुसा. टाके बहुधा आतल्या आत विरघळतात. मुलाच्या अंडकोशावर काही दिवस सूज राहते, ती हळूहळू उतरते.

१०१ फॅरनहाइटवर ताप (तीन महिन्यांखाली १००.४ असला तरी), जखमेतून पू, सततची किंवा हिरवी उलटी, ६ ते ८ तास सू न झाल्याने कोरडाच राहिलेला डायपर, यातलं काहीही दिसलं तर लगेच फोन करा. आणि पुढच्या महिन्यांत दुसऱ्या बाजूच्या जांघेकडेही पाहत राहा. तिकडेही हर्निया येऊ शकतो.