गाडीतला फ्युएल पंप बदलण्याआधी हॉर्नचा रिले लावून पाहा

जुनी एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) पेट्रोल गाडी सेल्फ मारते पण चालू होत नाही. किंवा उन्हात तापली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने मुकाट चालू होते. अशा वेळी टाकीतला महागडा पंप बदलायची घाई करू नका. आधी पंपाचा फ्यूज पाहा, मग पंपाचा रिले, म्हणजे पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच.

१. चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घूं असा आवाज यायला हवा. एकाला मागे कान देऊन बसवा.
२. आवाज नसेल तर चावी बंद करा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या नकाशात फ्युएल पंपाचा रिले शोधा.
३. तो काढून त्या जागी हॉर्नचा किंवा फॅनचा तसाच रिले बसवा. गाडी चालू झाली, तर दोष सापडला.

रिले ‘टक्’ वाजला म्हणजे तो चांगला, असं समजू नका. आतले पॉइंट जळलेले असले तरी टक् वाजतंच. तापल्यावरच दगा देणारा रिले तर थंड असताना तपासून काहीच कळत नाही. गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच बदलून पाहा.

जपायचं एकच: पिनांची मांडणी, व्होल्ट आणि अँपिअर जुळत असतील तरच अदलाबदल करा. नुसता आकार सारखा असून भागत नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर चावीला हातच लावू नका.