चिलखती वाहनाची निवड: चाचणीच्या मैदानावर जाण्याआधीची तयारी

नव्या चिलखती वाहनाची निवड सुरू झाली की चर्चा लगेच तोफेच्या व्यासावर आणि चिलखताच्या जाडीवर जाते. ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती-देखभाल शाखेत, वाहने दुरुस्त करण्यात आणि त्यांच्या चाचण्यांना हजर राहण्यात माझी बरीच वर्षे गेली. आता पुण्यात दिघी, खडकी, भोसरी भागात या कामाशी संबंध असलेली तरुण मंडळी भेटतात, तेव्हा त्यांना मी सांगतो की वाहन पाहायला जाण्याआधी कागदावर उतरवायच्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या निम्म्या माहितीपत्रकात नसतात. 1980च्या दशकापासून मेडकच्या कारखान्यात बनत आलेल्या, पायदळाच्या जवानांना नेणाऱ्या बीएमपी-2ची जागा घेणारे वाहन पुढची तीस वर्षे तरी जवानांना वागवणार आहे, म्हणून ही तयारी घाईने उरकू नये.

पहिल्या कागदावर फक्त जमीन असावी. पंजाबातले कालवे आणि ओली शेते, राजस्थानची वाळू आणि लडाखचे पठार यांची वेगवेगळी पाने करून प्रत्येक पानावर तापमान, उंची, वाटेतले पूल आणि सर्वांत मऊ जमीन कुठली हे लिहावे. सप्टेंबर 1965मध्ये खेमकरण भागात असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पाणी सोडलेल्या शेतांत रुतले. रणगाडा कागदावर सरस होता, पण त्याच्याखालची जमीन कोणी हिशेबात धरली नव्हती. चाके की ट्रॅक (रणगाड्यासारखे साखळीपट्टे) हा वादही या पानांवरच सुटतो. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या डीआरडीओच्या वाहन संशोधन प्रयोगशाळेने टाटा समूहाबरोबर विकसित केलेले आठ चाकांचे वाहन किंवा मुंढव्याच्या भारत फोर्जच्या समूहाकडून सैन्याने घेतलेले चार चाकांचे कल्याणी एम-4 रस्त्यावरून वेगाने लांबचा पल्ला गाठते, तर चिखल आणि भुसभुशीत वाळू यांत ट्रॅकला पर्याय सापडणे कठीण. सगळीकडे चालेल असे एकच वाहन मागितले, तर कुठेच धड न चालणारे वाहन पदरी पडण्याची भीती असते.

त्यानंतर वजन, आणि यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण वजन हळूहळू आणि सगळ्यांच्या संमतीने वाढते. कोणी तळाला जादा पत्रा मागतो, कोणी छतावर जाळी मागतो, आणि प्रत्येक मागणी रास्तच असते. अर्जुन रणगाडा पहिल्या आवृत्तीत साडेअठ्ठावन्न टनांचा होता, तो मार्क-1ए होईपर्यंत 68 टनांवर गेला. सुमारे 14 टनांचे बीएमपी-2 पाण्यातून तरंगत जाते. नव्या वाहनाकडून तेच हवे असेल, तर चिलखताला मर्यादा घालावी लागेल, आणि तरंगणे सोडून द्यायचे असेल, तर सोबत पूल कोण आणणार ते त्याच बैठकीत ठरवावे. दिघीच्या आर अँड डीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केलेला ‘सर्वत्र’ पूल 15 मीटरच्या पाच गाळ्यांनी 75 मीटर रुंदीचा अडथळा पार करून देतो आणि त्याचा भारवर्ग, म्हणजे पूल किती जड वाहन पेलतो ते सांगणारा क्रमांक, 70 आहे. आपल्या वाहनाचा भारवर्ग काढून तो आघाडीच्या प्रत्येक पुलाशी, रेल्वेच्या वाघिणीशी आणि सी-17 विमानाच्या सुमारे 77 टनांच्या क्षमतेशी ताडून पाहावा. हा भार दारूगोळा, इंधन, पाणी आणि बसलेले जवान धरून मोजायचा. रिकाम्या वाहनाचा आकडा उपयोगाचा नाही.

इंजिनाची परीक्षा पुण्याच्या हवेत होत नाही. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उतरते, त्यामुळे तिथे रात्रभर उघड्यावर उभे केलेले वाहन पहाटे पूर्ण भारासह सुरू करून चढावर नेण्याची अट लिहावी, आणि हिवाळ्यात डिझेल कुठले भरणार हेही नोंदवावे, कारण लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे वेगळे डिझेल 2019पासून मिळते. इंजिन, गिअरबॉक्स आणि दुर्बिणी कोणत्या देशातून येतात आणि त्यांना निर्यात परवाना लागतो का, याची यादी पहिल्याच टप्प्यावर मागावी. सुमारे 25 टनांच्या ‘जोरावर’ या हलक्या रणगाड्यासाठी ठरवलेल्या जर्मन इंजिनाची परवानगी लांबली आणि पहिल्या नमुन्यात दुसरे इंजिन बसवावे लागले.

संरक्षणासाठी नाटोचे 4569 क्रमांकाचे मानक आधाराला घेतात. त्याचा चौथा स्तर म्हणजे 200 मीटरवरून आलेली 14.5 मिलिमीटरची चिलखतभेदी गोळी आणि 10 किलो स्फोटकांचा सुरुंग. प्रमाणपत्र सुट्या पत्र्याचे आहे की दारे, काचा आणि सांधे धरून अख्ख्या वाहनाचे, हे विचारावे. युक्रेनच्या युद्धात ड्रोन थेट छतावर उतरत असल्याने छताचा स्तर वेगळा मागावा.

आतली बैठक मात्र स्वतः बसून पाहावी. आसन जमिनीवर पक्के केलेले नसावे, ते भिंतीला किंवा छताला टांगलेले असावे आणि पायांसाठी वेगळा आधार असावा, म्हणजे सुरुंगाचा धक्का तळातून पाठीच्या कण्यात जात नाही. एका चाचणीत नमुना वाहनातल्या आसनाच्या पट्ट्याची कडी बुलेटप्रूफ जाकिटाच्या पदराखाली जात होती. जाड हातमोजे घातलेला जवान ती चाचपत राहिला, शेजारच्याने वाकून ती सोडवली, आणि आमच्या एवढ्या मोठ्या तपासणीपत्रात त्यासाठी एकही रकाना नव्हता. तेव्हापासून माझ्या यादीत हे आहे: हिवाळी पोशाखातली पूर्ण तुकडी आत बसवावी, वाहन उतारावर तिरके उभे करावे, हायड्रॉलिक बंद करून मागचे दार हातांनी उघडायला सांगावे आणि शेवटचा जवान बाहेर पडेपर्यंतची वेळ घड्याळावर लिहावी.

तोफेचा आणि क्षेपणास्त्राचा भाग तज्ज्ञ मंडळी नीट सांभाळतात, त्यामुळे त्याबद्दल इथे लिहीत नाही.

दुरुस्तीची तयारी मात्र आपली. पॉवरपॅक, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा एकत्र संच, उघड्यावर, धुळीत, किती माणसांनी आणि कोणत्या क्रेनने किती वेळात बदलता येतो हे करून दाखवायला सांगावे, तसेच एअर फिल्टर काढायला कोणती नवी हत्यारे लागतात ते पाहावे. रबरी सील, बुश, होस आणि केबल यांच्या रेखाचित्रांवरचा हक्क करारात मागावा, कारण भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांना ते भाग बनवता येतात, फक्त रेखाचित्र हाती हवे. 2020च्या संरक्षण खरेदी प्रक्रियेत सर्वोच्च अग्रक्रमाच्या गटाला किमान पन्नास टक्के स्वदेशी घटकांची अट आहे. ती टक्केवारी इंजिनासारख्या कळीच्या भागांत किती उतरते हे स्वतंत्रपणे विचारावे.

चाचणीला उत्पादक स्वखर्चाने वाहन आणतो, म्हणून मैदाने, दिवस आणि उत्तीर्ण होण्याचे निकष आधीच ठरवून कळवावेत आणि मध्येच बदलू नयेत. लांबलेली चाचणी छोट्या उद्योगाला परवडत नाही. अहवालावर अधिकाऱ्यांच्या सह्यांबरोबर वाहन चालवणाऱ्या जवानाची आणि त्याखाली शिरून काम केलेल्या मेकॅनिकचीही सही घ्यावी, आणि त्यांनी नापसंतीची कारणे सांगितली असतील, तर ती त्यांच्याच शब्दांत जोडावीत.