लाडका सदरलेखक गेल्यावर स्मृतिलेख लिहायला बसणाऱ्यांसाठी

शब्दमर्यादा, वेळेत मजकूर देणं, घरच्यांशी कसं बोलायचं हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी बोलणार आहे ते कात्रणांबद्दल. आमच्या जिल्ह्याच्या दैनिकात वर्षानुवर्षं रविवारचं सदर लिहिणारे सर गेले आणि त्यांच्यावरची पुरवणी माझ्याकडे आली. या कात्रणांनी इतकं छळलं की धड रडायलाही सवड मिळाली नाही.

वाचक प्रेमानं कात्रणं आणून देतात. पण माणूस कापतो ते फक्त सदर. वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक रद्दीत जातं. विचारलं की उत्तर येतं, "धाकटीच्या लग्नाच्या वर्षीचं." त्या भरवशावर छापू नका. कात्रण उलटा. मागे अर्धा धावफलक, बाजारभाव, सिनेमाची जाहिरात, काहीतरी सापडतंच. सामना कळला की आठवडा कळतो. वहीत चिकटवलेलं असेल तर ओढू नका. दिव्यासमोर धरून फोटो काढा आणि मोबाइलवर तो आडवा उलटवा, मागची अक्षरं बऱ्याचदा वाचता येतात. मग ग्रंथालयात जाऊन त्या आठवड्याची बांधीव फाइल उघडा. तिथंही डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारी, आधी छापलेली) आणि शहर आवृत्ती दोन्ही पाहा. जागा कमी पडली की एकीतला शेवटचा परिच्छेद उडवलेला असतो, आणि सरांचं खरं म्हणणं बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदातच असायचं. गावात फाइल नसेल तर मुंबईचं एशियाटिक सोसायटीच्या इमारतीतलं मध्यवर्ती ग्रंथालय किंवा कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय गाठा. १९५४ च्या कायद्यानं आणि १९५६ च्या दुरुस्तीनं वर्तमानपत्रांच्या प्रती तिथं पाठवणं प्रकाशकांवर बंधनकारक आहे.

एवढा खटाटोप तारखेसाठी का? सरांनी रस्तारुंदीकरणावर दोनदा लिहिलं होतं. एकदा बाजूनं, एकदा विरोधात. तारखा नसतील तर त्यांचं मत कुठून कुठं गेलं हेच कळत नाही. मग आपल्याला आवडतं ते मत आपण त्यांच्या नावावर चढवतो. मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही. हा अन्याय आहे, आणि तो करणारे सगळे त्यांचे चाहतेच असतात.

'काळाच्या पडद्याआड', 'कधीही न भरून येणारी पोकळी', 'हरहुन्नरी', 'अजातशत्रू' हे शब्द पहिल्या मसुद्यातच खोडा. नगरपालिकेवर सातत्यानं टीका करणारा माणूस अजातशत्रू कसा असेल? अत्र्यांच्या मृत्युलेखांची नक्कलही नको. 'मराठा' हे दैनिक त्यांचं स्वतःचं होतं आणि तो आवाज त्यांनाच झेपायचा.

ज्येष्ठ सहकारी आठवणी खूप सांगतील. ऐका, पण माझं स्पष्ट मत आहे की त्यांच्याकडे मार्गदर्शन मागण्यापेक्षा जुन्या फायली मागाव्यात. आठवणीतलं वाक्य छापील वाक्यापेक्षा नेहमीच गोटीबंद असतं, म्हणून फाइलमध्ये सापडेपर्यंत त्याला अवतरणचिन्हं देऊ नका. टोपणनावांचीही चौकशी करा. 'ललित' मासिकातले 'ठणठणपाळ' म्हणजे जयवंत दळवी हे आज सर्वांना माहीत आहे. जिल्ह्याच्या पातळीवरचं टोपणनाव मात्र छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एखाद्या निवृत्त जुळाऱ्यालाच ठाऊक असतं.

हे वाचून घाबरू नका. तारीख पक्की असलेले आठ-दहा लेख नीट वाचले तरी माणूस दिसू लागतो, आणि पहिल्या दिवशीच्या बातमीत हे सगळं कुणी मागत नाही. बातमी साधी द्या, लेखासाठी आठवडा मागून घ्या. संपादक सहसा देतात.

एक मात्र आधीच करा. पुढे संग्रह काढायचं कुणी बोललं, तर वारसांची लेखी परवानगी घ्या. लेखक पगारी नोकरीत नसेल आणि वेगळा करार नसेल तर लेखनाचा हक्क (कॉपीराइट) त्याचा, त्याच्यामागे वारसांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. परवानगी मागायला जाताना तारखांची यादी सोबत न्या. घरच्यांकडेही ती बहुधा नसते.