आधी फाटक मोजा, मग टिलर बघा

टिलर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती खणून मोकळी करणारं मशीन, घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘किती एचपीचा घेऊ?’ तो प्रश्न शेवटी ठेवा. आधी मोजपट्टी काढा आणि बागेचं फाटक मोजा. मी मोजलं नव्हतं. मशीन दारात येऊन उभं राहिलं आणि फाटक चार बोटं अरुंद निघालं. आडवं करून आत ओढताना इंजिनातलं तेल एअर फिल्टरमध्ये उतरलं, आणि पहिला दिवस फिल्टर पुसण्यात आणि पांढरा धूर बघण्यात गेला. तेव्हा फाटक, वाफ्यांमधली वाट, ओळ संपल्यावर मशीन वळवायला लागणारी जागा आणि पावसात ते ठेवायचा आडोसा, एवढं कागदावर लिहिल्याशिवाय कुठलंही मशीन बघायला जाऊ नका. वाटेत पायऱ्या असतील तर वजनही लिहा. आठ-दहा किलोचं मशीन एका हाताने उचलता येतं, पन्नास-साठ किलोचं चढवायला दोघं लागतात.

मग जागा. दोन-चार वाफेच असतील तर खरं सांगायचं तर कुदळ आणि खुरपं पुरे. टिलर पेटवून थंड होईपर्यंत तुमचं काम उरकलेलं असेल. वाफे त्याहून जास्त, पण माती आधीच मोकळी असेल तर वीस-तीस सेंटीमीटर रुंदीचा छोटा टिलर घ्या. तो ओळींमधलं तणही काढतो. फक्त ओळींतलं अंतर पात्यांच्या रुंदीपेक्षा चांगलं वीतभर जास्त हवं, नाहीतर तणाबरोबर रोपंही उपटली जातील.

खरा निकाल मात्र माती लावते. कुदळीने वीतभर खोल खड्डा घ्या. कुदळ सहज उतरली तर पुढच्या बाजूला पाती असलेला टिलर चालेल. या प्रकारात चाकांना जोर नसतो, पातीच मशीनला पुढे ओढतात आणि तुम्ही मागून आवरून धरता. मागे एक लोखंडी दांडी असते, ती बारकाईने बघा. ती जमिनीत जितकी खोल रुतवाल तितकं मशीन अडतं, आणि अडलं की पाती जागच्या जागी खोल जातात. दांडी वर ठेवून नुसतं हँडल दाबत बसलात तर मशीन पळत सुटतं आणि माती वरवर खरवडली जाते. हे कळायला मला अर्धा वाफा आणि दोन्ही खांदे खर्ची घालावे लागले.

कुदळ ठणकन वाजली, किंवा वर्षानुवर्षांचं गवत घट्ट बसलं असेल, तर पाती मागे आणि चाकांना इंजिनाचा जोर असलेला टिलर बघा. काहींत पाती चाकांच्या उलट दिशेने फिरतात. पडीक, कडक जमीन फोडायला तेच बरे. ते जड असतात, महाग असतात, अरुंद कोपऱ्यात वळत नाहीत. म्हणून जमीन एकदाच फोडायची असेल तर असं मशीन दिवसभरासाठी भाड्याने आणा आणि विकत छोटंच घ्या.

खड्ड्यातून हरळीच्या मुळ्या किंवा लव्हाळ्याच्या गाठी निघाल्या, तर खरेदीच थांबवा. पाती त्यांचे तुकडे करून बागभर पसरवतात आणि प्रत्येक तुकडा नव्याने फुटतो. आधी हाताने खणून वेचा. कंटाळवाणं काम आहे, पण याला मशीनचा पर्याय नाही.

आता ताकदीचा विषय, तोही थोडक्यात. वायरचा इलेक्ट्रिक टिलर हलका आणि कमी कटकटीचा. पण वायर बागेच्या टोकापर्यंत पोचायला हवी, जाड हवी, बाहेर वापरायची हवी आणि सॉकेटला वीज गळताच पुरवठा तोडणारा गळती-संरक्षक स्विच हवा. बॅटरीचा सोयीचा, फक्त घट्ट मातीत चार्ज लवकर उतरतो, म्हणून जादा बॅटरी मिळते का विचारा. पेट्रोलवाल्यात टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, प्रमाण मशीनच्या पुस्तिकेतलंच पाळा आणि त्या कॅनवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळं भरतात. पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत राहिलं तर कार्ब्युरेटर चिकटतो, त्यामुळे हंगाम संपला की टाकी रिकामी करायची सवय लावून घ्या.

मशीन समोर असताना हातात धरून बघा. हँडल कमरेच्या उंचीला येतं का? लिव्हर सोडल्यावर पाती लगेच थांबतात का? जड मशीनला रिव्हर्स आहे का? पाती आणि त्यांच्या पिना सुट्या मिळतात का? शेवटचा प्रश्न विक्रेत्याला आवडत नाही, म्हणून तो नक्की विचारा.

पहिल्या दिवशी दगड, तारा, ठिबकची नळी आधी उचला आणि जमिनीखाली पाण्याची लाइन किंवा वायर कुठून गेली आहे ते आठवा. पायात बंद, जाड बूट हवेत. मग वाफसा बघा, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी अशी आहे का ते. मूठभर माती घेऊन आवळा; गोळा झाला आणि अंगठ्याने टोचताच फुटला तर सुरू करा. बोटाचा ठसा तसाच राहिला तर दोन दिवस थांबा. ओल्या चिकण मातीत टिलर घातला की वाळल्यावर विटेसारखी ढेकळं होतात, आणि पात्यांखाली घोटून घोटून मुळं न शिरणारा कडक थर तयार होतो. पहिला फेरा चार बोटं खोल, दुसरा पंधरा-वीस सेंटीमीटरपर्यंत. माती पिठासारखी दिसायला लागली तर तुम्ही जास्त फिरवलंत. पहिल्याच पावसात तिच्यावर पापुद्रा धरेल.

काम झाल्यावर पात्यांना गुंडाळलेलं गवत आणि सुतळी ओली असतानाच काढा, वाळल्यावर ती पोलादासारखी आवळते. पण हात घालण्याआधी स्पार्क प्लगची टोपी ओढून काढा, इलेक्ट्रिक असेल तर प्लग किंवा बॅटरी. इंजिन बंद आहे म्हणून पात्यांवर भरवसा ठेवू नका.