बँकॉकमधला पहिला दिवस: विमानतळ ते वाट अरुण

मुंबईहून रात्री निघालेलं विमान बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सकाळी उतरतं. घड्याळ दीड तास पुढे करा. हॉटेलची खोली दुपारी दोनच्या आधी सहसा मिळत नाही, आणि झोप तर झालेली नसते. पहिल्या दिवशी पैसे जातात ते याच अवस्थेत, विमानतळावर घाईने ठरवलेल्या गोष्टींपायी. म्हणून बरंचसं घरूनच ठरवून निघा.

निघण्यापूर्वी दोन कामं हातावेगळी करा. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. दुसरं, बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करा आणि भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या. ओटीपी त्याच नंबरावर येतो. इंटरनेटसाठी ई-सिम वेगळं घ्या.

सामान हाती आलं की पैसे बदलायला बाहेरच्या पहिल्या काउंटरवर थांबू नका. सर्वात खालच्या मजल्यावर, रेल्वे स्थानकाच्या तोंडाशी, सुपररिचसारखे काउंटर आहेत. तिथला दर वरच्यापेक्षा स्पष्टपणे चांगला असतो. रुपयांपेक्षा डॉलर न्या, तेही शंभराच्या कोऱ्या नोटा. लहान नोटांना दर कमी मिळतो. पासपोर्ट लागतोच. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी साधारण 220 ते 250 बाट कापतं, त्यामुळे थोडेथोडे काढणं महागात पडतं. यंत्राने ‘रुपयांत रूपांतर करू का’ विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर दर त्यांच्या मर्जीचा लागतो.

शहरात जायला एअरपोर्ट रेल लिंक उत्तम. शेवटचं स्थानक फाया थाई, भाडं 45 बाट, वेळ अर्ध्या तासाच्या आत. सुखुमवित भागाकडे जाणारी बीटीएस, म्हणजे उंचावरून धावणारी मेट्रो, तिथेच मिळते. एमआरटी ही दुसरी मेट्रो हवी असेल तर मक्कासानला उतरून पुलावरून फेचबुरी स्थानक गाठा. सकाळी सात ते नऊ मात्र गाडी खच्चून भरलेली असते. मोठ्या बॅगा किंवा सोबत वयस्क माणसं असतील तर टॅक्सीच घ्या. तळमजल्यावरच्या यंत्रातून चिठ्ठी काढा, तिच्यावरच्या क्रमांकाच्या जागी जा आणि चिठ्ठी शेवटपर्यंत जपून ठेवा. तक्रारीची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. मीटर 35 बाटपासून सुरू होतो, वर विमानतळाचे 50 आणि टोल. चालक ठोक रक्कम सांगू लागला तर मीटर लावायला सांगा.

एक लक्षात ठेवा, बीटीएस आणि एमआरटी वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, एकाचं तिकीट दुसरीकडे चालत नाही. एमआरटीच्या फाटकावर कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टेकवून जाता येतं, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं आणि बाहेर पडताना तेच टेकवायचं.

हॉटेलात बॅगा ठेवून दुपारी एकच फेरी करा. एमआरटीने सनाम चायला उतरा. वाट फो हे मंदिर चालत काही मिनिटांवर आहे. आतली पहुडलेली बुद्धमूर्ती 46 मीटर लांब. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. पायांच्या तळव्यांपाशी नक्की थांबा, तिथलं शिंपल्यांचं जडावकाम घाईत निसटून जातं. रस्त्यात कुणी गोड बोलून ‘ग्रँड पॅलेस (राजवाडा) आज बंद आहे, चला दुसरं मंदिर दाखवतो’ म्हणत टुकटुककडे नेऊ लागला, तर पुढे रत्नांचं किंवा शिंप्याचं दुकान आहे हे समजून चालू लागा. खरोखर बंद आहे का, ते दारावरच्या अधिकृत खिडकीवरच विचारा.

वाट फोच्या मागे था तियेनचा धक्का आहे. तिथून काही बाटांत होडी नदीपलीकडे वाट अरुण मंदिरापाशी सोडते. परतीला चाओ फ्राया नदीतली नारिंगी झेंड्याची बोट धरा. पर्यटकांची निळी बोट बरीच महाग. कंडक्टर धातूची नळी खुळखुळवत फिरतो, त्याच्याकडे सुटे द्या. साथॉर्नला उतरलात की बीटीएसचं सफान ताक्सिन स्थानक समोरच. नारिंगी बोटी संध्याकाळी लवकर थांबतात, तेव्हा शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर आधीच विचारा. सहा वाजता स्थानकात राष्ट्रगीत लागलं आणि सगळे थबकले, तर तुम्हीही थांबा.

शाकाहारी मंडळींची खरी परीक्षा जेवणात. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर भाज्या येतात, पण फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस घातलेल्या. पिवळ्या पाटीवर 17 आकड्यासारखं दिसणारं लाल अक्षर शोधा. ते ‘जे’, म्हणजे मांस, मासे, अंडी आणि कांदा-लसूणही नसलेलं जेवण. इतरत्र ‘माय साय नाम प्ला’ म्हणा, म्हणजे फिश सॉस घालत नाहीत. घरच्यासारखं जेवण हवंच असेल तर एमआरटीच्या साम योतला उतरून पाहुरातला जा. तिथल्या मोठ्या गुरुद्वाऱ्याभोवती भारतीय खाणावळी आहेत.

ग्रँड पॅलेस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, दार उघडतानाच गाठा. दुपारी साडेतीननंतर आत सोडत नाहीत.