सॉइल स्टॅबिलिटी टेस्ट: पहिल्यांदा फील्डवर जाणाऱ्यांसाठी

मास्टर्स चालू असताना एक उन्हाळा मी न्यू मेक्सिकोत, लास क्रुसेसच्या बाजूच्या रानात फील्ड क्रूवर काढला. यंदा जाणाऱ्या दोघातिघींनी विचारलं की मातीची ती टेस्ट, म्हणजे माती पाण्यात किती टिकते ते बघायची, असते काय नक्की, म्हणून लिहितेय.

किट बघून हसूच येतं. कप्प्याकप्प्यांचा प्लास्टिकचा डबा, त्यात १८ बारक्या चाळण्या, डिस्टिल्ड वॉटर आणि स्टॉपवॉच, बस. ही पद्धत तिथल्याच होर्नादा रेंजवर, म्हणजे संशोधनासाठी राखलेल्या कुरणावर, जेफ हेरिक हा मातीचा शास्त्रज्ञ आणि बाकीच्यांनी बसवली, २००१ ला पेपर आला. करायचं काय, तर जमिनीच्या वरच्या थरातून ६ ते ८ मिमीचा, २-३ मिमी जाडीचा मातीचा खडा अलगद उचलायचा, कोरडाच हवा, चाळणीत ठेवून पाण्यात सोडायचा. खारी चहात बुडवल्यावर होतं तेच होतं, ५ सेकंदात अर्ध्याहून जास्त विरघळला तर क्लास १, ३० सेकंदात तर २, ५ मिनिटांत तर ३. त्यातूनही टिकला तर चाळणी ५ वेळा पाण्यातून वर-खाली करायची आणि किती उरलं ते बघायचं, पाऊण भागाच्या वर उरला तर ६, म्हणजे सगळ्यात टिकाऊ.

वाचायला सोपंय पण दर १५ सेकंदाला नवा खडा टाकायचा असतो, म्हणजे अठरावा पडतो तेव्हा सव्वाचार मिनिटं झालेली असतात आणि पाचव्या मिनिटाला पहिल्याचं वर-खाली सुरू. एकट्याने करू नका, एकाने बघायचं, एकाने लिहायचं.

खरी गोची खडा उचलण्यात आहे. हात आपोआप चांगल्या, घट्ट खड्याकडे जातो! पहिल्या आठवड्यात माझे आकडे मस्त यायचे, ५, ६, ५, आणि मी खूश. मग क्रू लीडने विचारलं, या पॉइंटला खडा मिळाला कुठून, इथे तर नुसती भुसभुशीत वाळू आहे? मी वीतभर बाजूचा उचलला होता. नियम असा की ठरलेल्या जागी खडा उचलताच येत नसेल तर तो सरळ क्लास १, बाजूला शोधायचं नाही. आणि वर झुडूप आहे, गवत आहे की उघडी जमीन तेही लिहायचं, कारण मेस्किटच्या झुडपाखालची माती आणि दोन झुडपांमधली उघडी माती यांची सरासरी एकत्र काढून हाती काही लागत नाही. उघड्या जागी काळपट पापुद्रा दिसला तर त्यावर पाय देऊ नका, सायनोबॅक्टेरियाने (सूक्ष्म जिवाणूंनी) मातीचे कण बांधून ठेवलेले असतात, अशा ठिकाणी गवत नसूनही ६ येऊ शकतो. गुरांच्या खुरांनी तो फुटला की गेलं.

दुसरी चूक, उन्हात डब्याचं झाकण लावून जेवायला गेले. आत खडे भाजतात, रीडिंग बिघडतं, सगळे १८ परत घ्यावे लागले ४० डिग्रीत. जुलैपासून तिथे पाऊस लागतो, तेव्हा ओले खडे आधी हवेवर वाळवून घ्या.

जायच्या आधी घरी प्रॅक्टिस करा, बांधावरच्या गवताखालचा एक खडा आणि नांगरलेल्या रानातला एक, दोन वाट्यांत. फक्त नळाचं पाणी नको, त्यातल्या क्षारांमुळे माती आहे त्याहून टिकाऊ वाटते.